पडदा धाकट्याला, कात्री टाचणीला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार आहे ती, वय चोपन्न, धंदा पुरुषांचे कोट बेतणे, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणी हात न धरता हे लिहून ठेवते. ('अविवाहित' वकीलबाईंनी घालायला लावलं. पुरुषाला विचारता का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "रकाना आहे हो, मी काय करू?")

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. याच डॉक्टरांनी गेल्या महिन्यात माझ्या आजाराची बातमी माझ्या धाकट्या भावाला सांगितली. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. "यांना फार ताण देऊ नका," असं ते माझ्या डोक्यावरून म्हणाले. रिपोर्ट माझ्या मांडीवर होता आणि मी तो वाचलेला होता. फार तर सहा महिने. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डॉक्टरांच्या कोटाचा डावा खांदा उतरलेला आहे एवढं मात्र लक्षात आलं.

कलम १. दुकान. पुढे एक खोली, मागे एक खोली, मधे पडदा. पुढे आरसा आणि गिऱ्हाईक, मागे बेतायचं टेबल आणि मी. बेतणं वडिलांनी मला शिकवलं, कारण धाकट्याची कात्री सरळ रेषेत चालेना. वडील गेले तेव्हा कायद्याने निम्मं दुकान माझं होतं. कायदा तोवर सुधारला होता, घर सुधारायचं राहिलं होतं. आई म्हणाली, "सही करून टाक गं. भावाचं तोंड वाकडं झालं तर तुला माहेर राहील का?" मी माहेरीच राहत होते, तरी सही केली. नऊ वर्षांनी धाकट्याने दुकान विकायला काढलं, तेव्हा माझ्या बचतीतून मीच ते घेतलं. म्हणजे जे निम्मं फुकट सोडलं होतं, ते पूर्ण विकत घेतलं. खरेदीखत माझ्या नावावर आहे, पाटी त्याच्या. "ताई, पाटी बदलली तर गिऱ्हाईक बिचकेल," तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. हेही लिहून ठेवते, सगळं खापर त्याच्या डोक्यावर नको.

हे दुकान मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला देते. लहानपणापासून तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात. अट कलम ५ मध्ये.

कलम २. पडदा. तपकिरी, जाड, मधोमध माझ्या डोळ्याच्या उंचीवर चीर. बाईकडून माप घ्यायला गिऱ्हाईक लाजायचं, म्हणून धाकटा पुढे टेप धरून आकडे ओरडायचा आणि मी मागे लिहायचे. तो "छाती अडतीस!" ओरडायचा. मी चिरेतून बघायचे, चाळीस दिसायची, चाळीस लिहायचे. ट्रायलला कोट अंगावर बसला की गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे हो." धाकटा म्हणायचा, "कृपा आहे." कोणाची, ते सव्वीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. शिंप्यांच्या संघाने त्याला उत्कृष्ट कारागीर म्हणून शाल दिली. ती शाल त्याला आखूड पडते. मापाला मी नव्हते.

हा पडदा धाकट्याला द्यावा. त्याने तो घरी लावावा आणि एखाद दिवस त्याच्या मागे बसून पाहावं.

प्रगती झाली नाही असं मी म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वी धाकटा तापाने आडवा झाला, तेव्हा टाचणी टेप घेऊन सरळ पुढे गेली. बँकेतले एक साहेब उभे होते.

"मास्तर नाहीत का?"

"आहेत ना. हात वर करा."

साहेबांनी हात वर केले. आभाळ कोसळलं नाही. आता तर तरुण मुलं "त्या ताई आहेत का?" विचारत येतात. संघानेही यंदा महिला दिन साजरा केला. पाच पुरुष बोलले. विषय, स्त्रियांनी पुढे यावं. मी पुढे जायला निघाले तर पुढच्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

कलम ३. वडिलांची मोठी कात्री टाचणीला. तिने कागद कापू नये, धार जाते. मापवह्याही तिलाच. त्यांत अक्षर माझं आहे आणि प्रत्येक पानाखाली सही धाकट्याची, दोन्ही तशीच राहू द्यावी. टेप धाकट्याला.

कलम ४. आरसा भाच्याला, म्हणजे टाचणीच्या भावाला. त्याला दुकानात मोबाईलची कव्हरं विकायची आहेत आणि टाचणीचं "काय, लग्न होऊन जाईलच ना" असं त्याचं म्हणणं आहे. आरशात बघून त्याने ते स्वतःला पुन्हा एकदा सांगावं. त्याच्यावर माझा राग नाही. हल्ली राग येतच नाही, ही औषधाची कृपा असेल.

कलम ५. अट. गेल्या गुरुवारी मी अस्तर कापत होते, तेव्हा टाचणी एक कागद घेऊन मागे आली. आत्याकडून दुकानाचा जो काही हक्क मिळेल तो मी भावाला राजीखुशीने सोडते, असा मजकूर. खाली तिची सही झालेली.

"हे काय?"

"बाबा म्हणाले, सही करून टाक, नंतर घरात वाद नको."

"दुकान तुला मिळालंय का अजून?"

"नाही."

"मग सोडलंस काय?"

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "आत्या, दादाचं तोंड वाकडं होईल गं."

आईचंच वाक्य, फक्त भावाच्या जागी दादा. मी मधे बत्तीस वर्षं कोट शिवले, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी काहीतरी वाटायला हवं होतं. मी अस्तर पूर्ण कापलं.

वकीलबाई म्हणतात, मिळायच्या आधी सोडलेल्या हक्काच्या कागदाला काडीचा अर्थ नाही. म्हणून त्या कागदाचा मी कॉलरचा नमुना कापला, साध्या कात्रीने. मात्र दुकान मिळाल्यावर टाचणीने असा दुसरा कागद केला, तर त्याच दिवसापासून दुकान काजवालीचं. ही काजवाली एकोणीस वर्षं आमच्या दुकानाची काज-बटणं करते. तिला आपल्या भावाच्या तोंडाचं काही पडलेलं नाही. तीन वेळा वाकडं झालं, तीन वेळा आपोआप सरळ झालं, असं ती सांगते. इस्त्री तिला तशीही द्यावी.

टाचणीला दुकान नको असेल तर तिने खुशाल नको म्हणावं. पण ते पुढच्या खोलीत, गिऱ्हाईक उभं असताना, तोंडात टाचण्या नसताना म्हणावं. 'बाबा म्हणतात' हे शब्द त्यात नसावेत.

कलम ६. पाटीबद्दल मी काही लिहीत नाही. बत्तीस वर्षांत मला जे जमलं नाही, ते मेल्यावर दुसऱ्याला करायला लावणं बरं दिसत नाही.

कलम ७. माझ्या अंगावर शेवटी काय घालावं असं वकीलबाईंनी विचारलं. खुंटीवर करडा कोट आहे. तो मी स्वतःसाठी बेतला होता, कच्च्या शिलाईवरच राहिला. तसाच चालेल.

वरचा मजकूर आज दुपारी मी टाचणीला वाचून दाखवला, कारण मेल्यावर कोणी भलत्याच सुरात वाचू नये. ती टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होती. कलम ५ ला मान खाली, कलम ६ ला वर. बाहेर धाकट्याचा आवाज आला, "काय चाललंय गं दोघींचं?" तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, डबीचं झाकण लावलं आणि मला विचारलं, "आत्या, आपली शिडी कुठे असते?"

मी म्हटलं, "पडद्यामागेच आहे."

हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, असं वकीलबाईंचं मत पडलं. मी ते राहू दिलं आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: नऊ, सोमवार, दुकानाची सुट्टी.

सही: माझी, माझ्या हाताने, पूर्ण नावाने.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. या वेळी माझ्याशी बोलले. खांदा दुरुस्त करून दिला आहे.
साक्षीदार दुसरे: शेजारचे घड्याळवाले. सही करायच्या आधी बाहेर जाऊन पाटीकडे बघून आले आणि म्हणाले, "शिडी मी धरू का?" त्यांना सांगितलं, ती धरायला काजवाली आहे, तुम्ही सही करा.