गोदीचा मातीचा बैल

बारामती, पोळ्याचा आदला दिवस, १९३५

हेडमास्तर आज म्हणाले, "बाई, निवृत्त झालात, आता पोरांना चिखलात कशाला लोळवता?" यांना पाढ्यांपलीकडे मूल दिसतच नाही. मी ओसरीवर प्रत्येकाला पोळ्याचा एकच बैल करायला लावला. गाडीला जुंपायचा तर जोडीदार शोधायचा. आई गेल्यापासून गोदी कुणाशी बोलत नव्हती. आपला शिंगमोडका बैल मांडीवर घेऊन बसली. मीच जोडी लावून द्यावी का? हात आवरला. शेवटी सखू तिच्यापुढे येऊन बसली. "माझा बी एकलाच हाय. जुंपायचा?" गोदी ते मोडकं शिंग चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझा मारका न्हाय न्हवं?" किती महिन्यांनी पोरीचा आवाज ऐकला.

उद्या हेडमास्तरांनाही मातीचा गोळा द्यावा. जोडीदार मिळेल की नाही, शंकाच आहे.