खंडेनवमीचे रिव्हॉल्व्हर

मी, सौ. सुचेता शिरीष निमकर, वय वर्षे एकोणपन्नास, मूळची पुण्याची, गेली सहा वर्षे राहणार टिलबर्ग, नेदरलँड्स, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण सुखरूप घरी जातात. उरलेल्या तिघांचे नेमके काय बिघडते हे मी विचारले, तेव्हा त्यांना जरा नवल वाटले. पुण्यात अकरा वर्षे कॉलेजच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत होते; विचारत सुटण्याची खोड तिथे पक्की झाली. कायद्याला लागणारे मृत्युपत्र इथल्या नोटरीने डच भाषेत करून दिले आहे. त्यात माझ्या बऱ्याच कलमांना जागा नाही असे तो म्हणाला. ती जागा मी इथे करून घेते.

कलम १. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा माझे पती शिरीष यांना द्यावा. मागच्या अंगणातली शेड सायकलींसाठी आहे, जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यांसाठी नाही, हे मी हयातीत पुष्कळदा सांगून झाले आहे. आता लेखी सांगते.

कलम २. बँकेतली माझी शिल्लक आणि माहेरचे दागिने मुलगा ईशान याला. त्याला लग्न करायचे नसेल तर दागिने विकून त्याने लांब कुठेतरी हिंडून यावे. ईशान डेल्फ्टला शिकतो. त्याला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते, आणि माझे अक्षर तर त्याला मुळीच लागत नाही. तेव्हा हे मृत्युपत्र शिरीषने त्याला वाचून दाखवावे. वाचताना एकही ओळ गाळू नये.

कलम ३. माझी सायकल शेजारच्या चित्राला. हिचा ब्रेक पायडल उलटे मारून लागतो, हे तिने विसरू नये. पहिल्या आठवड्यात मी दोनदा कालव्याच्या काठापर्यंत जाऊन आले होते.

कलम ४. पन्नास माणसांचा भात होतो ते मोठे पातेले इथल्या मराठी मंडळातल्या चंद्रहासकडे तीन गणपतींपासून आहे. ते मंडळाचे आहे असे तो सांगत फिरतो. ते माझे आहे. ते त्याच्याकडून घ्यावे आणि मग मंडळाला द्यावे.

कलम ५. आता शस्त्रांविषयी. हे कलम लांबेल.

कॉलेजात असताना एन.सी.सी.त मी रायफलची पदके मिळवली होती. इथे शिरीषच्या नोकरीमागून आले, भाषा येईना, काम मिळेना, तेव्हा नेमबाजीच्या क्लबात नाव घातले. वर्षभराने पोलिसांनी रीतसर परवाना दिला आणि मी एक पिस्तूल घेतले. वर्षाला अठरा वेळा क्लबात हजेरी लावायची, शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवायची, किल्ल्या फक्त माझ्याकडे. या दोन कुलपांना मी कायम किरकिर म्हणत आले.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चित्राकडे भरदुपारी चोर शिरला. ती बाजार घेऊन परतली तर परका माणूस तिच्या स्वयंपाकघरात ड्रॉवर उपसत होता. तो पळाला, पण आमच्या सगळ्या मराठी मंडळींची झोप उडाली. जो तो मला एकच प्रश्न विचारू लागला: आम्ही काही रोज सराव करणार नाही, मग घरात ठेवायला कोणते हत्यार चांगले? मी सांगितले, या देशात घराच्या रक्षणासाठी हत्यार मिळतच नाही, खेळासाठी मिळते. चंद्रहासला ते पटले नाही. त्याने क्लबाच्या अर्जात कारण लिहिले, "बायकामुलांचे रक्षण". त्याला एक कॉफी आणि एक बिस्किट देऊन घरी पाठवण्यात आले.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कायदा बाजूला ठेवला तर उत्तर काय? मी वही घेतली. क्लबात पाहुण्यांना देखरेखीखाली नेम मारू देतात. मागच्या वर्षी एप्रिलात मी शिरीष, चित्रा, तिचा नवरा हरीश आणि चंद्रहास यांना घेऊन गेले. अंतर ठेवले सात मीटर, कारण आमच्या दिवाणखान्याच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तेवढेच भरते.

आधी पिस्तूल. गोळी नळीत चढवायला वरची स्लाइड मागे खेचावी लागते, ती चित्राला खेचता येईना. "सुचेताताई, माझ्या हातात एवढा जोर असता तर मी त्या चोरालाच नसता खेचला?" हरीश सेफ्टीचा खटका काढायला विसरला, चाप दाबत राहिला, आणि गोळी का येत नाही हे बघायला नळी स्वतःकडे वळवू लागला. मी त्याच्या मनगटावर चापट मारली. ती अजून दुखते असे तो म्हणतो.

मग दुसऱ्या एका क्लबात दुनळी बंदूक. चंद्रहास म्हणाला, "वहिनी, दुनळीला नेम धरावाच लागत नाही हो. नुसती त्या दिशेला धरायची." त्याने नुसती दिशेला धरली आणि कागद कोरा राहिला. मी मारून पाहिले, तर सात मीटरवर छर्रे तळहाताएवढ्या जागेत गेले होते. नेम धरावा लागत नाही ही निव्वळ बोलाची कढी. शिवाय आमच्या घरातल्या भिंती किती पातळ आहेत हे चित्राच्या शिंका मोजल्या तरी कळते. कुठलीही गोळी त्या भिंतीपाशी थांबणार नाही, हेही वहीत लिहिले.

शेवटी रिव्हॉल्व्हर. स्लाइड नाही, खटका नाही. चाप जड, पण ओढला की झाले. नाही उडाली तर पुन्हा ओढायचा. चार महिने कोणी हात लावला नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा नेले, तर पिस्तूल चौघेही विसरले होते, रिव्हॉल्व्हर एकही जण विसरला नव्हता. शिरीषच्या सहातल्या पाच गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसल्या. मला त्याचे भारी कौतुक वाटले. वहीत मी निष्कर्ष लिहून खाली दोन रेघा मारल्या: "क्वचित सराव करणाऱ्याला रिव्हॉल्व्हर. कारण हात आणि गोळी यांच्यामध्ये लक्षात ठेवण्यासारखे काहीच नाही." त्याच महिन्यात स्पर्धेसाठी म्हणून मी एक रिव्हॉल्व्हर घेतले. स्पर्धेला एकदाही गेले नाही.

कलम ६. हे कलम फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. ईशानला अर्धेच माहीत आहे.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची हे आमच्या माहेरचे वळण. विळी, स्क्रू ड्रायव्हर, शिरीषचा लॅपटॉप, आणि गेल्या खंडेनवमीला ते रिव्हॉल्व्हर. पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. शस्त्र असे कुलपाबाहेर ठेवून उठणे हा इथे गुन्हा आहे, हे मला पाठ होते. तरी चित्राकडे प्रसाद द्यायला गेले. दहा मिनिटे, असे म्हणून वीस मिनिटे बसले.

शिरीष तापामुळे घरी होता. चोरीनंतर त्याची भीती गेली नव्हती. मागच्या दाराची काच वाऱ्याने वाजली तरी तो उठून बघायचा. त्या दिवशी ती काच वाजवली ती ईशानने. पुढच्या दाराची किल्ली हरवून, न कळवता तो डेल्फ्टहून आला होता. पावसामुळे रेनकोटची टोपी तोंडावर ओढलेली होती आणि तो पाठमोरा, ओली बॅग ओढत आत शिरत होता.

मी पुढच्या दारातून आत येत होते. एक बारीक खट् आवाज ऐकला. दिवाणखान्यात आले तो शिरीषची पाठ दिसली, ताठ झालेले दोन्ही हात दिसले. दुसरा खट् मी डोळ्यांनी पाहिला. नाही उडाली तर पुन्हा ओढायचा. मीच शिकवले होते.

ईशान वळला, टोपी मागे केली आणि हसला. "बाबा, रिलॅक्स, इट्स मी! व्हाय इज देअर कुंकू ऑन द गन?" त्याला वाटले बाबा गंमत करताहेत. शिरीषही हसला. हसता हसता न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

काडतुसे दुसऱ्या कुलपात होती. ज्या नियमाला किरकिर म्हणत होते त्याने माझा मुलगा वाचला. माझ्या निष्कर्षात काही चूक नव्हती. मी म्हटले होते तसेच झाले, हात आणि गोळी यांच्यामध्ये काहीच नव्हते. समोर कोण आहे हे बघण्याइतकेही नव्हते. ते कसे मोजायचे हे मला सुचलेच नव्हते, आणि ते मला फार लागले आहे.

कलम ७. शिरीषला परवाना नाही, आणि मी नसताना शस्त्र या घरात राहू नये. म्हणून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल मी बुधवारीच पोलिसांकडे नेऊन देणार आहे. पाटावरची गोष्टही तिथे सांगणार आहे; परवाना जाईल, जाऊ दे. काही कारणाने जाणे झाले नाही तर शिरीषने पोलिसांना घरी बोलवावे. विकून पैसे करू नयेत. वही ईशानला द्यावी. दोन रेघा मारलेले वाक्य मी खोडलेले नाही, त्याच्याखाली आणखी एक प्रश्न लिहिला आहे. उत्तर सापडले नाही तरी त्याने तो वाचावा.

कलम ८. त्या दिवशीचा दोष ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. हत्यार मी आणले, मी निवडले, मी शिकवले आणि मी पाटावर ठेवून गेले. शिरीष पाच महिने मागच्या दाराने ये-जा करत नाही, ईशान आला की त्याच्याकडे बघून जेवत नाही. अरे शिरीष, तू घाबरलेला माणूस होतास, वाईट बाप नव्हतास. माझ्या मागे या मिळकतीत कोणीही वाटेकरी नाही. ती माझ्याबरोबर संपावी.

हे मृत्युपत्र सही करण्याआधी मी शिरीषला वाचायला दिले. शेवटचा मजकूर त्याच्या हातचा आहे. तो मी राहू दिला आहे.

"वाचले. कलम आठ मान्य नाही. चाप मी ओढला, दोनदा ओढला. निम्मा वाटा माझा आहे आणि तो मी घेणार. हे वाचून दाखवायला तुझ्या मरणाची वाट कशाला बघायची? ईशानला फोन केला आहे. तो उद्या सकाळच्या गाडीने येतो आहे. मी वाचेन, तू शेजारी बस. — शिरीष"

लिहून देणार: सौ. सुचेता शिरीष निमकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली, मजकूर न वाचता:
१. चित्रा हरीश देवस्थळी
२. हरीश देवस्थळी

स्थळ: टिलबर्ग
दिनांक: शनिवार, ४ मार्च २००६