ट्रेलर ओढणारी गाडी

७ जुलै

तिसरं दुकान. तिसरी गाडी. आणि लॉर्नचं तिसऱ्यांदा तेच — "बघू."

बघू! जुनी गाडी एप्रिलमध्ये बसली तेव्हापासून माझा हा नवरा बघतोच आहे. ट्रेलर अंगणात उभा, अंड्यासारखा पांढरा, गुबगुबीत. आत पलंग, छोटी शेगडी, सगळं तयार. लाकूड गिरणीतून लॉर्न निवृत्त झाला, शाळेची बस चालवणं मी सोडलं, आणि सप्टेंबरात समुद्रावर जायचं ठरलं. जन्म ब्रिटिश कोलंबियासारख्या समुद्रकाठच्या प्रांतात गेला, पण समुद्र मी पाहिलाय तो लग्नाच्या आधी, एकदा. आता फक्त ओढायला गाडी हवी. मधल्या आकाराची, मला चालवता येईल अशी. एवढंच तर!

आजचा विक्रेता तरणाताठा, गोडबोल्या. "मॅडम, ही काहीही ओढेल!" लॉर्न थेट गाडीपाशी गेला. ड्रायव्हरचं दार उघडून उकिडवा बसला, चष्मा लावला आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचत राहिला.

"ओढेल हो. पण पाठीवर किती घेईल?"

पोरगा माहितीपत्रक चाळायला लागला. घरी येताना लॉर्नने मला समजावलं — ट्रेलरचं नाक गाडीच्या पाठीवर दाबतं. ते वजन, आपण दोघं, सामान, सगळं मिळून त्या स्टिकरच्या आत बसलं पाहिजे. "घोडा गाडा ओढेल गं, पण स्वार नको म्हणतोय."

पटलं. पण मी तसं म्हटलं नाही.

१० जुलै

लॉर्नच्या चुलतभावाच्या ट्रकमागे ट्रेलर लावून खडीवाल्याच्या वजनकाट्यावर नेला. कागदावर लिहिलंय त्याच्यापेक्षा कितीतरी जड भरला! कागदावरचं वजन रिकाम्याचं. आमच्यात पाण्याची टाकी, गॅस, दोन बॅटऱ्या आणि लॉर्नची हत्यारांची पेटी.

"तुझे बिडाचे तवे पण आहेत," तो म्हणाला.

"तवे दोन आहेत. पाने किती आहेत तुझे?"

खडीवाला हसत होता. आम्ही नाही.

म्हणजे मला आवडलेली निळी गाडी बाद. पेट्रोल कमी पिते, पण ट्रेलर मागे लावला की तिचा जीव जाईल.

११ जुलै

बोललो नाही.

१६ जुलै

रात्री पावसाविना कोरड्या विजा पडल्या. सकाळी समोरच्या डोंगरामागून धूर. बारीक, सरळ, चुलीतून येतो तसा.

कुंपणापाशी शेजारच्या पॉलीबाई उभ्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी, हातात फावडं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आणि बटाट्याला भर घालतेय!

"अहो, धूर बघितलात का?"

"बघितला. असे धूर मी तुझ्या जन्माआधीपासून बघतेय. तुमची गाडी ठरली का?"

"नाही."

"लग्न कसं ठरवलं मग त्याने?"

"ते मी ठरवलं."

इतक्या हसल्या की खोकला लागला. थांबेचना. मीच घाबरले.

१९ जुलै

गाडी घेतली! करड्या रंगाची, सहा सिलिंडरची, वापरलेली. मी चढावर पळवून आणली, कुरकुरली नाही. ओढायची सोय कारखान्यातूनच आलेली, इंजिन तापू नये म्हणून जास्तीची जाळी बसवलेली. लॉर्न खाली झोपून बॅटरी मारून बघत होता. उठला तेव्हा पाठभर माती आणि चेहऱ्यावर हसू. कितीतरी दिवसांनी.

एक काम उरलं. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लागावेत म्हणून एक यंत्र बसवावं लागतं. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या मंगळवारी आणा.

धूर आता सरळ नाही. डोंगराच्या खांद्यावर आडवा पसरलाय.

२२ जुलै

नोटीस आली — तयारी ठेवा. कधीही निघावं लागेल.

ट्रेलर भरतोय. काय घ्यायचं? फोटो घेतले. लॉर्नच्या वडिलांची बंदूक. माझं शिलाई मशीन. मग बाहेर काढलं. मग परत ठेवलं.

पॉलीबाईंच्या पोराने शेजारच्या आल्बर्टा प्रांतातून मला फोन केला. "तिला सांगा, ती माझं ऐकत नाही." गेले सांगायला. "हे घर माझ्या नवऱ्याने हाताने बांधलं. मी कुठेही जात नाही." आणि मला बीटचं सूप वाढलं. राख पडत होती अंगणात, आणि आम्ही सूप पीत होतो.

२३ जुलै

गॅरेजवाल्याला फोन केला. उचलला नाही. तोही निघाला असेल.

२५ जुलै

काल लिहिता आलं नाही. आता शहरातल्या बर्फावर खेळायच्या रिंगणाबाहेर, तिथे आसरा दिलाय आम्हाला, पार्किंगमध्ये बसून लिहितेय. 

काल दुपारी पोलीस दारात. "निघा. आत्ता." आभाळ नारिंगी. पाखरू नाही, आवाज नाही. लॉर्नने गाडी मागे घेतली, पहिल्या झटक्यात हुक बसवला. मी पॉलीबाईंकडे पळाले. त्या ओसरीवर खुर्चीत, कोट घालून, ट्रंक पायाशी. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "उशीर केलास."

गाडीत आता तीन माणसं. ऑक्सिजनचं यंत्र, नळकांडी. ट्रंक. लॉर्न उघड्या दाराशी उभा राहून ते पिवळं स्टिकर बघत होता. मी ओरडले, "आता काय वाचतोयस!"

"ब्रेक नाहीत ट्रेलरला, हिल्डी. पुढे घाट आहे. एवढं वजन उतारावर थांबणार नाही."

"मग सोडून दे इथेच!"

"त्यात तुझा समुद्र आहे," तो म्हणाला.

मला रडूच आलं. मग दोघं आत घुसलो आणि ट्रेलर रिकामा केला. हत्यारांची पेटी आधी त्यानेच फेकली. चाळीस वर्षं जमवलेली हत्यारं! गवतात! टाकीतलं पाणी सोडलं. एक बॅटरी काढली. तवे, शिलाई मशीन, बंदूक सगळं बाहेर. पॉलीबाई काचेतून बघत होत्या.  त्यांची ट्रंक मात्र लॉर्नने उचलून ट्रेलरच्या मागच्या टोकाला सारली.

चालवायला मी बसले. वीस वर्षं तो घाट मी पोरांची बस घेऊन उतरलेय. लॉर्नने किल्ली दिली.

खालच्या गियरमध्ये, हळूहळू. डाव्या हाताला झाडं पेटत होती. एखादं नाही, रांगच्या रांग. मागे गाड्यांचे दिवे. आणि दुसऱ्या वळणानंतर गाडीची शेपूट हलली. एकदा इकडे. एकदा तिकडे. आरशात ट्रेलर झोके घेताना दिसला.

"ब्रेक दाबू नकोस!" लॉर्न.

"माहीत आहे!"

पाय पेडलवरून काढला. चाक सरळ धरलं, घट्ट. ट्रेलरने अजून एक झोका घेतला, कठड्याकडे. मागून पॉलीबाई त्यांच्या माहेरच्या रशियनमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या. मग झोका कमी झाला. अजून कमी. थांबला.

रुंद जागा दिसली तिथे थांबले. लॉर्न धावत मागे गेला आणि ट्रंक उचलून पुढे, चाकांच्या अलीकडे आणून ठेवली. मागे वजन असलं की शेपूट हलते, हे त्याला माहीत होतं. घाईत विसरला. परत आला तेव्हा चेहरा पांढरा फटक.

"माझ्यामुळे गेलो असतो."

"गेलो नाही. बस."

पॉलीबाई म्हणाल्या, "ट्रंकेत मधाच्या बरण्या आहेत. जड असणारच."

उरलेला घाट उतरले. 

२८ जुलै

रिंगणात ओळीने खाटा टाकल्यात. पोरं रडतात, कुत्री भुंकतात. पॉलीबाईंना तिथे श्वास पुरेना. म्हणून त्या ट्रेलरमध्ये झोपतात, ऑक्सिजनला रिंगणातली वीज. आम्ही दोघं गाडीत, मागच्या सीटा पाडून. लॉर्न घोरतो. मी जागी.

आज फळ्यावर लावलेला आगीचा नकाशा बघायला गेलो. लाल रेघ आमच्या रस्त्यावरून जाते. अगदी वरून. घर या बाजूला की त्या बाजूला, कोणीच सांगत नाही.

१ ऑगस्ट

अफवा — आमच्या रस्त्यावरचं काहीच उरलं नाही.

२ ऑगस्ट

अफवा — सगळं शाबूत आहे.

लॉर्नने जेवण टाकलं. मीही.

७ ऑगस्ट

घरी परत जाऊ दिलं.

आमचं घर उभं आहे. नुसतं उभंच नाही, ओसरीवर माझे चपलांचे दोन जोड जसेच्या तसे! गवतात हत्यारांची पेटीसुद्धा. मी लॉर्नच्या गळ्यात पडले.

मग कुंपणापलीकडे बघितलं.

चिमणी. फक्त चिमणी, आणि राखेत पलंगाच्या स्प्रिंगा. पॉलीबाई गाडीतून उतरल्या, नळकांडं ओढत कुंपणापर्यंत गेल्या. उभ्या राहिल्या. मी शेजारी. 

"बटाटे जमिनीखाली असतात," त्या म्हणाल्या. "ते वाचले असतील."

मी फावडं आणलं. खणलं. भाजलेले निघाले वरचे काही, पण खालचे चांगले होते.

९ ऑगस्ट

त्यांचा पोरगा आला. भला आहे. "आई, माझ्याकडे चल. वेगळी खोली, बागेकडे तोंड." त्या नाही म्हणाल्या. तो चिडला, मग रडला. "राहणार कुठे तू? राखेत?"

"माझी जमीन आहे," त्या म्हणाल्या.

लॉर्न ओसरीवर बसून ऐकत होता.  रात्री म्हणाला, "सप्टेंबरला किती दिवस राहिले?" मी सांगितले. तो "हं" म्हणाला.

१३ ऑगस्ट

लॉर्नने पहाटेच ट्रेलर मागे घेत पॉलीबाईंच्या जागेत नेला, चिमणीच्या शेजारी. त्यांच्या ऑक्सिजनसाठी आमच्या घरातून वीज ओढली. मग ट्रेलरची एक बाजू ठोकळ्यांवर चढवली आणि चारही नट सैल करून त्या बाजूचं चाक काढलं.

मला विचारलं नाही. मी दुसऱ्या बाजूला जॅक लावला.