रांजणातला नमुना

ताइनान,
१९ मार्च १९९८

प्रिय वहिनी,

नात्याने तू मोठी, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी सोयीने वय धरत आले आणि दर पत्रात तुला आशीर्वाद लिहीत आले. आज नमस्कार लिहिते. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. बारा वर्षांत आले नाही.

इकडे सर्व ठीक. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. गुडघा दुखतो, पण बाजारात मीच जाते, कारण यांना ताजा मासा आणि कालचा मासा यातला फरक तीस वर्षे डॉक्टरकी करूनही कळत नाही. तुझ्या बून-केटने पाठवलेले सबाही मासे पोचले. मुलगा बापासारखा आहे. मासे पाठवतो, चिठ्ठी पाठवत नाही.

हे पत्र तू त्याच्याकडूनच वाचून घेशील. म्हणून त्यालाही सांगते. बून-केट, पुढे काही ठिकाणी तुला थांबावेसे वाटेल, एखादा परिच्छेद गाळावासा वाटेल. गाळायचा नाही. आत्या सांगते.

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी, मिस लीऊ, घरी आली होती. ती आता विद्यापीठात असते. आपल्या किनाऱ्यावर कोणत्या गावात यकृताच्या कॅन्सरने किती माणसे गेली, हे ती मोजते. तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. १९६४ साली विहिरींच्या पाण्यात जिथे सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, जास्त सापडला ती गावे लाल, बाकीची पांढरी. त्यावर यकृताने गेलेल्यांचे आकडे.

"बघा ना बाई, जिथे लाल तिथे आकडा मोठा. सगळीकडे जमतंय. एकाच गावाने माझी झोप उडवलीय. पाणी स्वच्छ, आणि यकृताचे मृत्यू वरून तिसऱ्या नंबरावर! इआमबोए. तुमचं माहेर ना?"

मी म्हटले, "हो."

"मग सांगा, तिकडची माणसं असं खातात तरी काय?" उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, "शेंगदाणेच असणार. दमट हवा, बुरशी धरते, तिचं विष यकृताला लागतं. पेपरात तसंच लिहून टाकते. आणि तपासणीची गाडी काही इआमबोएला जाणार नाही हं, ती फक्त लाल गावांना मंजूर झालीय."

वहिनी, तो पांढरा ठिपका माझा आहे.

तुला ते दिवस आठवत असतील. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. विहिरींचे पाणी तपासायला प्राध्यापकांनी किनाऱ्यावरची मुले मुद्दाम निवडली, कारण आम्हाला गल्ल्या माहीत होत्या. माझ्या वाट्याला अकरा गावे आली. प्रत्येक गावात पिण्याची विहीर एकच असायची, म्हणून गावागणिक एकच बाटली. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर चारच गोष्टी: गाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. दहा गावांत मी नियमाप्रमाणे काम केले. अकरावे आपले.

देवळाजवळच्या विहिरीचे पाणी उन्हात धरले की हिरवट दिसायचे, आणि त्याचा सगळ्यांना केवढा अभिमान! देवापुढचा सकाळचा चहाचा पेला त्याच पाण्याचा. पलीकडच्या गावात लोकांचे पाय काळे पडून झडत होते आणि आपली माणसे म्हणायची, त्यांचे कर्म. आपल्याकडेही तिघे होते. चटईच्या पडद्यामागे निजवलेले. आपण कोणीच त्यांची नावे घेत नव्हतो.

त्याच महिन्यात लग्न जुळवणारी बाई ताइनानहून निरोप घेऊन आली होती. डॉक्टरांचे घर, मुलगाही डॉक्टर होणार, मुलगी पसंत. मुलाच्या आईची अट एकच. काळ्या पायाच्या गावची नको.

नमुना घ्यायच्या दुपारी तू आत पडली होतीस, सातवा महिना होता. मी आपल्या ओसरीतल्या पावसाच्या पाण्याच्या रांजणाशी गेले. दादा मिठागरातून नुकताच आला होता. पायाला मीठ तसेच होते. मला झाकण उचलेना, तर म्हणाला, "सरक, मोडशील नाजूक मनगट," आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. मी बाटली भरली. मग त्याने विचारले, "विहिरीचं नको का?" मी म्हटले, "दादा, तुला यातलं काय कळतं?"

"बरोबर आहे बाई," तो हसून म्हणाला. "तू शिकलेली. आम्ही झाकणं धरणारी माणसं."

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. नुसते पावसाचे पाणी, त्यात क्षार नसल्याने, प्रयोगशाळेत लगेच ओळखू येईल हे मला कळत होते. दादाच्या पायाजवळ सांडलेले चिमूटभर मीठ मी उचलले आणि बाटलीत टाकले. हे इतकी वर्षे मी स्वतःलाही सांगितले नव्हते. त्या वेळी गोंधळले होते, वय लहान होते, असे मी म्हणू शकले असते. मीठ टाकणारी मुलगी गोंधळलेली नसते.

लाल गावांना १९६६ साली नळ आला. आपल्याला १९७९ साली. तेरा वर्षे तू कावडीने ते पाणी आणलेस, आणि उन्हात मिठागरावर दादा दिवसभर तेच प्याला. बून-केटची पेज त्याच पाण्यात शिजली. मी इथे नळाचे पाणी पीत होते. माहेरी आले की म्हणायचे, मला पोटाला ते मानवत नाही, आणि तू बिचारी माझ्यासाठी वेगळे उकळून ठेवायचीस. उकळून सोमल जात नाही हे मला माहीत होते. मी चहा टाळायचे.

आता बरणीचे लिहिते.

दादाला जाऊन सात दिवस झाले होते. अंगणात सगळे नातेवाईक त्याच्यासाठी जाळायच्या कागदी नोटा दुमडत बसले होते. मी वळचणीखालची मातीची बरणी उघडली, शेंगदाण्यांना हिरवी बुरशी आलेली दिसली, आणि सगळ्यांसमोर तुला म्हटले, "हे खायला घालून मारलंस तू त्याला." तू म्हणालीस, "वन्सं, ते बियाण्याचे होते हो, ते मी त्यांना दिले नाहीत." मी म्हटले, "मग त्याचं यकृत काय आपोआप सडलं?"

बायका कुजबुजल्या. मग गावाने तुला काय नाव ठेवले ते बून-केटने मला पुढे सांगितले. तू ती बरणी शेताच्या बांधाला पुरलीस, भुईमूग पुन्हा लावला नाहीस, आणि अजूनही बाजारच्या मिठाईतला एकेक दाणा वेचून बाजूला काढतेस, हेही.

वहिनी, आदल्या वर्षीच वर्तमानपत्रात आले होते की या पाण्याने नुसते पायच नाही, यकृतही जाते. ते कात्रण मी माझ्या पुस्तकात ठेवले होते. अंगणात बसल्या बसल्या मला विहीर आठवत होती, रांजण आठवत होता. म्हणूनच मी इतक्या मोठ्याने बोलले.

एका माणसाचे यकृत नेमके कशाने गेले हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. दादाला तरुणपणी कावीळ झाली होती, तिचाही वाटा असेल. पण पाण्याचा असणारच, आणि ते बियाण्याचे दाणे तर त्याच्या पोटात गेलेच नव्हते. मला काहीच ठाऊक नसताना मी ठाऊक असल्यासारखी बोलले, आणि ठाऊक होते ते गिळले. शाळेत मुलींनी प्रयोगवहीत आकडा बदलला की मी वही फाडत असे. बत्तीस वर्षे फाडल्या.

परवा सकाळी यांना सांगितले. पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे मला फसवून केलंस?"

"हो."

यावर म्हणाले, "आईनं नकाशा बघितला असता असं वाटतं तुला? तिनं जन्मतारखा जुळवल्या आणि तुझे दात मोजले. काळ्या पायाचं ती प्रत्येकीला म्हणायची. तीन मुली तशाच गावच्या बघितल्या होत्या तिनं."

मग पेपर उचलून वाचायला लागले. पान मात्र उलटले नाही.

म्हणजे ते मीठ कशासाठीही टाकले नव्हते.

त्याच दुपारी मिस लीऊला फोन केला आणि विद्यापीठाला सहीनिशी लिहून दिले.  मुलगी "बाई," एवढेच म्हणाली. मी शिकवत असताना तिने मला अशा आवाजात कधी हाक मारली नव्हती. पण कामाची आहे. तिने गाडी मिळवली. ७ एप्रिलला सकाळी आठ वाजता देवळासमोर येईल. पोटाची सोनोग्राफी करतात, दुखत नाही, उपाशीपोटी जायचे. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. दादाची मुठीएवढी झाल्यावर सापडली. बून-केट, पहिला नंबर तुझा. "मला काय धाड भरलीय" हे तुझ्या बापाचे वाक्य मला ऐकवू नकोस. वहिनी, दुसरा तुझा.

थडगी झाडायच्या सणाला, ५ एप्रिलला, मी येते. एकटी. सगळे गाव देवळापुढे जमते तेव्हा पायरीवर उभी राहून हे सर्व सांगेन, बरणीच्या वेळी बोलले होते तितक्याच मोठ्याने. गावाने काय करायचे ते गावाने ठरवावे. दादासाठी भाजलेले शेंगदाणे आणते आहे, ताजे. त्याला पेजेबरोबर लागायचे, आणि बारा वर्षांत त्याच्या थडग्यापुढच्या ताटात ते कोणी ठेवलेले नाहीत. तू ठेवशील तर तुझ्या हातात देईन. नाही तर मी ठेवेन.

दार लावून घेतलेस तर वाजवणार नाही. देवळात बसून राहीन. माफ कर असे या पत्रात कुठे लिहिलेले नाही, बून-केटला पुन्हा बघायला लावू नकोस. ते मागायचा मला हक्क नाही. फक्त एक चिठ्ठी दुरुस्त करायची राहिली होती, ती करून सही करते.

गाव: इआमबोए.
ठिकाण: विहीर नव्हे. आपल्या ओसरीतला रांजण. झाकण दादाने धरले होते. त्याला काही माहीत नव्हते.
तारीख: २४ जुलै १९६४.
गोळा करणारी: तुझी नणंद, पेक-हा.