खाऱ्या पाण्याची टाकी

रविवार, ६ जानेवारी १९८५

मुलुंडला जाऊन आले. टाकी मिळाली! तीन फूट लांब, चौकट नाही, काचेला काच चिकटवलेली. सोबत हवेचा पंप, नळ्या, पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची कांडी. सगळं वापरलेलं, पण धडधाकट. मार्तंड फणसे म्हणून गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. गुडघे गेले, आता समुद्राचं पाणी आणणं होत नाही. "शाळेत जातेय ना, मग न्या," म्हणाले.

पोत्यात पांढरीशुभ्र वाळू होती, पोवळ्याचा चुरा. फणसे म्हणाले, "ती नका नेऊ, बाई. माशांना पांढरे ठिपके आले तेव्हा मी मोरचूद घातला होता. वाळू तो धरून ठेवते आणि मग सोडत राहते. खेकडे-बिकडे जगायचे नाहीत. नवी आणा."

मी म्हटलं, "टाकून देते जाताना."

टाकली नाही. इतकी सुंदर वाळू पुन्हा कुठे मिळणार? धुईन की.

मीटिंगमध्ये मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, संस्थेकडून नवीन सामान मागवू. मीच सगळ्यांसमोर छाती काढून बोलले — कशाला नवीन? जुन्यात झकास करून दाखवते.

बुधवार, ९ जानेवारी

वाळू सात पाण्यांनी धुतली. बोटं सोलली. आई म्हणते, एवढे तांदूळ निवडले असतेस तर!

रविवार, १३ जानेवारी

खंडूबरोबर वर्सोव्याला गेले. खंडू म्हणजे आमचा शिपाई — मूळचा मालवणचा, गिरणी बंद पडल्यापासून शाळेत हंगामी लागलाय. मी किनाऱ्यावरच कॅन भरायला वाकले तर ओरडला, "बाई, ह्यां नको! खोल पाण्यातला होया." होडीवाल्याशी बोलून आत गेला आणि सहा कॅन भरून आणले. खांद्यावर वळ उठले होते. वर म्हणतो, "गिरणीत ह्याच्यापेक्षा जड तागे उचललेत."

टाकी भरली. पंप सुरू केला. बुडबुडे! आता महिनाभर नुसतं पाणी मुरू द्यायचं.

शनिवार, २ फेब्रुवारी

पाणी काचेसारखं आहे. मुलं रोज विचारतात, बाई, मासे कधी? शाळेचं विज्ञान प्रदर्शन सोळाला. रोज वाटतं वाळू काढून टाकावी. मग वाटतं, आता कुठे सगळं उपसायचं? सात पाण्यांनी धुतलीय.

रविवार, १० फेब्रुवारी

खडकातल्या डबक्यांतून खंडूनं आणलेला ऐवज — पट्टेरी मासे तीन, शंखात राहणारे खेकडे चार, आणि एक समुद्रफूल! बोट लावलं की मिटतं. खंडू टाकीसमोर उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "आमच्याकडे ह्येका कोण बघता? पायाखाली येता. हयसर कसा राजावानी बसलाय!"

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सगळं मेलं.

खेकडे शंखाबाहेर पडलेले. समुद्रफुलाचा नुसता चिकट लगदा. दोन मासे तरंगत होते, तिसरा दुपारी गेला. पाणी तेवढं स्वच्छ!

मोठ्या बाई आल्या. नाक वर करून म्हणाल्या, "फिनेलचा वास येतोय. खंडू, काल लादी कशानं पुसलीस?"

"फिनेलान, बाई. सोमवार म्हणून."

"टाकीचं झाकण उघडं होतं?"

"होय. हवा लागू दे म्हणून..."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मीराबाई, त्यानंच झालं असेल ना?"

मी म्हणाले, "असेल."

एवढंच. एकच शब्द. बाकी सगळे इतके पटकन मान हलवायला लागले की मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा आतून लावून घेतली. मूठभर वाळू घेऊन आम्ल ओतलं, फसफसली. गाळलं. वर अमोनिया.

निळं. गडद निळं. नववीच्या मुलांना मी दर वर्षी हाच प्रयोग दाखवते — तांबं असलं की असा रंग येतो, लिहून घ्या. मोरचुदातलं तांबं.

नळी तीनदा धुतली. मग वाळू पोत्यात भरून स्वतः उचलून नाल्यात टाकून आले. कोणाला सापडू नये म्हणून! चूक झाली ती झाली, पण पुरावा नाहीसा करायची अक्कल बरी सुचली मला.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

खंडूला मेमो. लेखी.

शनिवार, १६ फेब्रुवारी

प्रदर्शन. रिकाम्या टाकीत आम्ही प्लास्टिकची झाडं ठेवली. पाहुण्यांना मोठ्या बाईंनी सांगितलं, "शिपायाच्या निष्काळजीपणामुळे." खंडू तिथेच पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन उभा होता. मानही वर केली नाही.

सहावीची मुलं त्याला 'फिनेलमामा' म्हणायला लागलीत. एकाला मी कानाला धरून वर्गाबाहेर काढलं. वर्गात सगळे म्हणाले, मीराबाई किती चांगल्या!

रविवार, २४ फेब्रुवारी

आईबरोबर विहारात गेले. पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळे म्हणाले, मुसावादा वेरमणी... मी ओठ हलवले, आवाज काढला नाही. घरी येताना आई म्हणाली, "घसा बसलाय का गं?"

हो म्हटलं. तेही खोटंच.

शुक्रवार, १ मार्च

मधल्या सुट्टीत खंडू जिन्याखाली डबा खात होता. भात आणि पिवळी आमटी. मी सहज म्हटलं, काय रे, आज शुक्रवार आणि डब्यात मासा नाही?

म्हणाला, "सोडलंय, बाई."

"म्हणजे?"

"माझ्या हातान आठ जीव गेले. माका म्हायत नव्हता फिनेलाचा, पण गेले ना? खाऊचे म्हणून मारतत ते येगळा. ह्ये तर आपण हौशीन घराकडे आणलेले. म्हणान वर्षभर मासो बंद."

मालवणचा माणूस. वर्षभर मासा बंद! आणि मी केलेल्या पापासाठी.

मी "अरे, असं काय करतोस" असं काहीतरी पुटपुटले आणि वर्गावर निघून गेले. वर्गावर नव्हतेच मी, तो माझा मोकळा तास होता. बाथरूममध्ये उभी राहिले.

शनिवार, ९ मार्च

कारकून म्हणाले, हंगामी शिपायांपैकी कायम करायचे त्यांची यादी संस्थेकडे जायचीय. "खंडूचं कठीण दिसतं, मेमो आहे ना." तीन वर्षं झाली त्याला. घरात बायको आणि मुलगी.

सोमवारी सांगतेच. नक्की.

सोमवार, ११ मार्च

मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले. आत कोणी पाहुणे बसले होते. परत आले. उद्या.

मंगळवार, १२ मार्च

नाही झालं.

बुधवार, १३ मार्च

काय भीती आहे मला नेमकी? नोकरी जाणार नाही. फार तर बोलतील. इतकंच ना, की लोक म्हणतील, मोठ्या तोऱ्यात बोलली होती जुन्यात भागवते म्हणून, आणि बघा. शिवाय दुसरंही एक आहे. या शाळेत माझ्या वस्तीतून आलेली मी एकटीच बाई. नेहमी वाटत आलं, मला चुकायची मुभा नाही. खरं आहे ते. पण म्हणून खंडूनं माझी चूक भोगायची? त्याला तरी कुठे मुभा होती!

गुरुवार, १४ मार्च

बोलले. उभ्यानंच. वाळू, मोरचूद, फणसे, निळा रंग, नाला — सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "इतके दिवस?" मेमो फाईलमधून काढून माझ्यासमोर फाडला. "तुमच्याकडून लेखी द्या. संस्थेला मी कळवते."

दिलं.

रविवार, १७ मार्च

खंडूच्या घरी गेले, इथे घाटकोपरलाच, टेकडीवरच्या वस्तीत. शाळेत सांगणं सोपं पडलं असतं. तिथे तो मला काही बोलू शकला नसता. म्हणून घरी.

सगळं सांगितलं. त्याला आधी समजलंच नाही. मग म्हणाला, "म्हणजे ते मी नाय मारलंय?"

"नाही. मी मारले."

तो हसायलाच लागला! डोळे पुसत हसत होता. "ऐकलंस गो, मी नाय मारलंय!" मला राग हवा होता. त्यानं तोही दिला नाही.

राग त्याच्या बायकोनं दिला. मालन चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "म्हयनो झालो, ह्येंनी माशाक हात लावूक नाय. राती उठान बसतत. आणि तुमी रोज ह्येंच्या हातची चाय पियालात?"

खंडू म्हणाला, "गप गो. बाई घराक इल्यात."

ती गप्प झाली नाही. "चाय टाकतंय मी. ही पण पियान जावा."

प्यायले. कप रिकामा केला. ती बघत होती.

शुक्रवार, २२ मार्च

पाडवा. सकाळी खंडू भेटला, म्हणाला, काल बांगडे खाल्ले. चार!

शनिवार, ३० मार्च

यादी अकरा तारखेलाच गेली होती. माझं पत्र पोचेपर्यंत खंडूच्या जागी दुसऱ्याचं नाव मंजूर. आज त्याचा शेवटचा दिवस.

दुपारी मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आला. "भरून देवा, बाई. तुमचा अक्षर बरा." मी भरत गेले. नाव, जन्मतारीख, पत्ता. 'वडिलांचा व्यवसाय' आलं आणि पेन थांबलं. मान वर करवेना.

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "गिरणी कामगार लिवा."

लिहिलं.