केळ्यांचा तुळाभार

प्रिय छबे,

तू गेलीस त्याला वर्ष उलटून गेलं आणि मी एक ओळ लिहिली नाही. रागच होता तसा! पण काल तुझ्या नातीला गावदेवीसमोर केळ्यांनी तोललं. त्याच्या आधी घरात जे झालं, ते तुझ्यापाशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

हो, आजी झालीस तू. तुझ्या नेहाला मुलगी झाली, सव्वा महिन्याची आहे. जन्मली तेव्हा दोन किलो, अगदी तुझ्यासारखी. आपली ऐंशीची आई काठी टेकत पाळण्यापाशी गेली आणि म्हणाली, "माझी छबीच आली गं!" मी शेजारीच उभी होते. माझं एवढं कौतुक कधी झालंय का, सांग बरं?

तुझ्या जन्माची गोष्ट आपल्या उमेळे गावात कुणाला पाठ नाही! आठव्या महिन्यातच आलीस, एवढीशी. आई देवीला नवस बोलली: पोर जगली तर वर्षाच्या वाढदिवसाला तिच्या वजनाइतकी केळी वाहीन. मग काय, दर रविवारी बाबा तुला वाडीतल्या केळी तोलायच्या काट्यावर ठेवायचे. वजन वाढलं की सगळं घर टाळ्या पिटायचं. वाळवलेल्या राजेळी केळ्यांचं पीठ दुधात शिजवायचं, वर तुपाची धार. तू तोंड फिरवलंस तरी एक घास चिऊचा, एक काऊचा. देवीपुढे पोर वजनदार दिसायला हवी ना!

मी पाच वर्षांची होते. वाटी चाटायला मागितली तर आई म्हणायची, "तुला काय गं, तू जन्मतःच गुटगुटीत." एकदा मी आपणहून जाऊन काट्यावर बसले. बाबा म्हणाले, "ऊठ, मोडेल तो." अजून विसरले नाही मी ते.

वाढदिवसाला तुझ्यापुढे एक अख्खा घड पुरला नाही. दुसऱ्याच्या फण्या तोडून लावाव्या लागल्या, आणि आईला काय आनंद! पुढेही तू गोबरीच राहिलीस. चाळिशीत रक्तदाब, मग साखर, आणि बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक. गोळ्या घे म्हटलं की हसायचीस, "ताई, तू जळतेस माझ्यावर." जळतच होते! पण गोळ्या तरी घ्यायच्या होत्यास ना, बये!

तू गेल्यावर नेहाने मला वसईच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दोघी बहिणींचं जन्माचं वजन किती होतं?" तुझं नेहालासुद्धा पाठ. माझं कुणालाच ठाऊक नाही! डॉक्टर म्हणाले, जन्मतः लहान असलेलं मूल पुढे भराभर जाड झालं, तर मोठेपणी रक्तदाबाचा, हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढतो. होईलच असं नाही आणि कारण तेवढंच असतं असंही नाही, हेही म्हणाले. पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं की आईचे लाड तुला भोवले. खोटं कशाला बोलू, छबे, आत कुठेतरी बरं वाटलं मला.

आणि परवा आईने पुन्हा तोच नवस काढला. नेहाची पोर वर्षाची झाली की तिला तोलायचं! राजेळीच्या पिठाचा डबासुद्धा खाली काढला. नेहा रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय, सध्या फक्त अंगावरचं दूध. वजन बेताबेताने वाढू दे. आजीला तूच सांग ना!"

मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "आई, हिला कोंबून भरवायचं नाही. छबीला भरवलंस तसं तर नाहीच."

आईचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे? माझ्या छबीला मीच...?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं, छबे! पन्नास वर्षं साठवलेलं सगळं एका शब्दात फेडता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. आणि मी म्हणाले काय? "वेडी का खुळी तू? तू भरवलंस म्हणून तर ती जगली. नाहीतर तिचा पहिला वाढदिवसही झाला नसता." आई माझा हात धरून रडत बसली, किती तरी वेळ.

मग मीच म्हटलं, नवस वर्षभर कशाला ताटकळत ठेवायचा? आत्ताच फेडून टाकू. काल पोर जेवढी आहे तेवढी तोलली. दोन फण्यांत भागलं. आई पुटपुटली, "एवढीच?" म्हटलं, "एवढीच. देवीला चालतं."

ऐक, शब्द देते तुला. तुझ्या नातीची एकही तपासणी मी चुकू देणार नाही, आणि तिला कुणी बळेच भरवायला आलं तर आडवी पडेन. आईशी माझं कितीही वाजलं, तरी परवा गिळलेला तो 'हो' तिच्या कानावर कधीच जाणार नाही.

फक्त तुझा हेवा करायचं सोड, असं मला सांगू नकोस. एवढ्या वर्षांत आईने पहिल्यांदा माझा हात इतका घट्ट धरला, गं. आणि तोही तुझ्यासाठी रडायला!

तुझ्यावर अजून जळणारी,
ताई