बाजू बदला

१४ मार्च

तीर्थस्वरूप दादास (तू मानत नसलास तरी मी अजून मानते) साष्टांग नमस्कार.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून न वाचताच फाडशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलाय. इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक आहेत. वहिनीला माझी आठवण सांग, तुमच्या घरात माझं नाव चालत असेल तर.

माझी नोकरी तीच. बातम्यांच्या पडद्यावर खाली जी पट्टी सरकते ना, ती दिवसभर लिहायची. एका ओळीत युद्ध, दुसरीत निवडणूक, तिसरीत सोन्याचा भाव. मंगळवारी तह झाला म्हणून लिहिलं, तासाभरात मोडला म्हणून लिहिलं. वरती चार विद्वान एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. मला त्यांची चीड येते आणि मग आपण दोघं आठवतो. आपण तरी काय दिवे लावले? ज्या शहराचं नाव आपल्याला धड उच्चारता येत नाही, नकाशात शोधायला बसलो तर दोघांची बोटं वेगवेगळ्या समुद्रात पडतील, तिथल्या युद्धावरून तू मला विकली गेलेली म्हणालास आणि मी तुला मेंढरू म्हणाले. तेही बाबांसमोर. ते दोन्ही देश परवा पुन्हा बोलणी करायला बसले, दादा. हात मिळवतानाचा फोटो आमच्याकडे आला होता. आपण मात्र अजून खंदकातच.

बाबांनी आपल्याला असं शिकवलं नव्हतं. शाळेत जन्मभर इतिहास शिकवला आणि घरी जेवताना आपल्याला वादाला बसवलं. विषय त्या दिवशीच्या पेपरातला. तू सरकारच्या बाजूने, मी विरोधात, आणि दोघं रंगात आलो की त्यांनी टाळी वाजवून म्हणायचं, बाजू बदला. मग आत्ता ज्याच्या चिंधड्या केल्यास, तेच तुला डोक्यावर घ्यावं लागायचं. किती चिडायचास! एकदा ताट सरकवून उठलास, तेव्हा ते म्हणाले होते की समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा बरं मांडता आलं, तरच त्याच्यावर चिडायचा हक्क मिळतो. आपण दोघांनी तो हक्क फुकटात लाटला.

बरं. किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? बाबा ठीक नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. वर्ग दणाणून सोडणारा माणूस पाणी हवं असेल तर बोटाने पेला दाखवतो.

वहिनीला फोन करता आला असता. हातात घेतला आणि खाली ठेवला. वाटलं, तू म्हणशील, वादात पुरी पडली नाही म्हणून आता बाबांचं आजारपण पुढे करतेय. शिवाय राग होताच. ज्याला बाप आठवत नाही, त्याला मी का म्हणून आठवण करून द्यायची? तो राग अजून गेलेला नाही, मी काही संत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोजच्यासारखं बोलत राहा, ओळखीचं कानावर पडलं तर शब्द परत येऊ शकतात. म्हणून रोज जेवताना मी त्यांना बातम्या सांगते, माझी मतं पोटतिडकीने मांडते. ते ढिम्म. माझ्याकडे बघतही नाहीत, तुझ्या खुर्चीकडे बघत बसतात. काल माझं डोकंच फिरलं. तरातरा उठले, तुझ्या खुर्चीत बसले आणि त्याच मेल्या युद्धावर तुझी बाजू मांडायला लागले. आधी तुझी नक्कल केली, तुझं ते 'मुद्दा असा आहे की'. मग नक्कल कधी संपली कळलं नाही. ज्याच्या दारात बॉम्ब पडतोय त्याला आपल्यासारखं निवांत बसून न्याय तोलता येत नाही, असं तू म्हणत होतास ना, ते मी तुझ्यापेक्षा बरं मांडलं. मांडता मांडता मला थोडं पटलंही. थोडंच. फुगू नकोस.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. ओठ थरथरले, तोंड वाकडं झालं आणि स्वच्छ शब्द आले.

"बाजू बदला."

महिनाभरातले पहिले शब्द, दादा. मी समोर पाहिलं तर माझी खुर्ची रिकामी. घाईघाईने उठून तिथे जाऊन बसले आणि आता माझ्या बाजूने बोलू लागले, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकटीने दोन्हीकडून बोललेलं त्यांना चालत नाही. मग ते तसेच हात टेबलावर ठेवून वाट बघत बसले, जेवण गार होईपर्यंत. मला फार रडू आलं.

माफी मागायला येऊ नकोस, मीही मागणार नाही. भांडायला ये. तुला माझी बाजू मांडायची आहे, तेव्हा येताना नीट तयारी करून ये. थातुरमातुर बोललेलं बाबांना अजूनही खपणार नाही.

तू येईपर्यंत तुझ्या खुर्चीत बसणारी,
तुझी धाकटी